स्वातीचे माप कोणी घेतले?



व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, म्हणजे तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत होणे साहजिक आहे. मी मात्र आज एका ताऱ्याच्या इतिहासावर बोलणार आहे. खगोलशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. तरीही हा विषय मी माझ्या कामाबाहेरचा मानीत नाही. काम कोणी केले, त्याची मजुरी किती मिळाली आणि नाव कोणाचे लागले, हे तीन प्रश्न विचारण्यात माझी उमेद गेली. तेच तीन प्रश्न घेऊन आज आपण आकाशाकडे पाहू.

हा तारा म्हणजे स्वाती. आपल्या सत्तावीस नक्षत्रांपैकी स्वाती हे एकाच ताऱ्याचे नक्षत्र आहे. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला तर त्याचा मोती होतो, ही कल्पना आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ग्रीक लोक याच ताऱ्याला आर्क्टुरस म्हणत; त्याचा अर्थ अस्वलाचा राखणदार. ते अस्वल म्हणजे आपले सप्तर्षी. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवीत नेली, की नजर आपोआप या ताऱ्यावर जाऊन थांबते. वैशाखातल्या संध्याकाळी तो पूर्वेला चांगला वर आलेला असतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या अक्षांशावर जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. आकाशाच्या उत्तर अर्ध्या भागात याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. त्याचा रंग पाहा: व्याधासारखा निळसर पांढरा नव्हे, तर पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा.

या ताऱ्याबद्दल आज जे सांगता येते ते प्रथम सांगतो. तो आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,००० अंश सेल्सिअस आहे. सूर्याचे सुमारे ५,५०० आहे. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट आहे. आणि एवढा फुगलेला असूनही त्याचे वस्तुमान सूर्याहून किंचितच अधिक आहे. शास्त्रज्ञ अशा ताऱ्याला नारिंगी राक्षसी तारा म्हणतात. आता सरळ प्रश्न असा, की हे कळले कसे? जिथे कोणी गेले नाही, जाणार नाही, आणि मोठमोठ्या दुर्बिणींतूनही जो शतकानुशतके केवळ एक बिंदू दिसला, त्याचे तापमान, त्याचा घेर, त्याचे वजन माणसाने कशाच्या बळावर सांगितले?

या कहाणीचा आरंभ एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदापासून करू. धूमकेतूमुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तोवर ताऱ्यांना स्थिर म्हणण्याची पद्धत होती. ग्रह फिरतात, तारे जागचे हलत नाहीत. हॅलेने ग्रीकांनी नोंदविलेल्या ताऱ्यांच्या जागा आपल्या काळच्या जागांशी ताडून पाहिल्या आणि १७१८ मध्ये जाहीर केले, की व्याध, रोहिणी आणि स्वाती हे तीन तारे आपल्या जागा सोडून सरकले आहेत. स्वातीचे सरकणे तर एक अंशाहून अधिक होते. आज आपण जाणतो, की हा तारा वर्षाला सुमारे सव्वादोन विकला सरकतो. हे किती झाले? ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली. तेव्हापासून आजवर स्वाती आकाशात जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका सरकला आहे. एका आयुष्यात हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणूनच येथे पहिले श्रेय द्यायचे ते दोन हजार वर्षांपूर्वी अचूक नोंदी करून ठेवणाऱ्यांना. हॅलेने हिशेब तपासला; वही मात्र दुसऱ्यांनी लिहून ठेवली होती.

दुसरा प्रश्न अंतराचा. हाताचा अंगठा नाकासमोर धरून एकेक डोळा मिटला, तर अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांच्या अंतराने जणू असेच दोन डोळे आपल्याला देते. या सरकण्याला पराशय म्हणतात. तत्त्व सोपे आहे, पण स्वातीचा पराशय विकलेच्या दशांशाहूनही कमी आहे. त्यामुळे जमिनीवरून घेतलेली मापे पिढ्यान्‌पिढ्या मागेपुढे होत राहिली. हिप्पार्कोस नावाचा युरोपीय उपग्रह १९८९ मध्ये वर गेला, त्याची तारासूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हा कोठे स्वातीचे अंतर पक्के झाले.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. ताऱ्याचा प्रकाश दिसतो, पण त्याची ऊब पृथ्वीवर पोचते का? अमेरिकेतील यर्कीझ वेधशाळेत अर्नेस्ट निकोल्स याने १८९८ आणि १९०० साली अत्यंत नाजूक उपकरणाने स्वातीची ऊब मोजली. ती पाच-सहा मैलांवर ठेवलेल्या एका मेणबत्तीच्या उबेइतकी भरली. स्वातीसारखे नारिंगी तारे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतच आपले बरेचसे धन उधळीत असतात, म्हणून असे मोजमाप त्यांच्या बाबतीत फार मोलाचे ठरते.

बंधुभगिनींनो, आता मी या इतिहासाच्या गाभ्याशी येतो. गती कळली, अंतर कळत गेले, ऊब कळली. पण स्वाती राक्षसी आहे हे कशावरून? दूरचा मोठा दिवा आणि जवळचा लहान दिवा डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. हा भेद करण्याची किल्ली सापडली ती ताऱ्यांच्या वर्णपटात, आणि ती जिच्या हाती लागली तिला तासाला २५ सेंट मजुरी मिळत होती.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा पडतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वर्णपट काचेच्या तावदानांवर छायाचित्रित होऊ लागले. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हेन्री ड्रेपर नावाच्या हौशी ज्योतिर्विदाच्या स्मरणार्थ त्याच्या विधवा पत्नीने १८८६ मध्ये त्यासाठी पैसा दिला. हे साल आम्हा कामगार मंडळींना दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले होते.

तावदाने शेकड्यांनी, पुढे हजारांनी जमू लागली. ती भिंगाखाली तपासायची, रेषा मोजायच्या, वर्ग लावायचे, आकडेमोड करायची. एवढे काम कोणी करायचे? पिकरिंग यांनी त्यासाठी स्त्रिया नेमल्या. त्यांना त्या वेळी संगणक म्हणत; संगणक हे यंत्राचे नाव होण्यापूर्वी ते माणसांच्या हुद्द्याचे नाव होते. बहुतेकींना तासाला २५ ते ३५ सेंट मिळत आणि आठवड्याचे सहा दिवस काम असे. त्यांची प्रमुख विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडहून आलेली बाई. नवऱ्याने सोडल्यावर तिने पिकरिंग यांच्याच घरी मोलकरणीचे काम धरले होते. पुढे हजारो ताऱ्यांचे वर्गीकरण तिच्या हातून झाले. १९०० साली तिने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. आपल्याला वर्षाला १,५०० डॉलर मिळतात आणि पुरुष सहायकांना २,५०० मिळतात, हे तिने त्यात स्वच्छ नमूद केले आहे. पिकरिंग यांना खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. इतर वेधशाळा स्त्रियांना दारातही उभ्या करीत नव्हत्या, त्या काळात त्यांनी काम दिले आणि अनेकींची नावे छापली. पण स्वस्तात काम उरकते हा हिशेब त्यांच्याही मनात होता, आणि तो त्यांनी लपविला नाही.

१८८८ मध्ये या मंडळींत अँटोनिया मॉरी नावाची तरुणी दाखल झाली. ती पदवीधर होती, आणि ज्याच्या स्मरणार्थ हे काम चालले होते त्या हेन्री ड्रेपरची भाची होती. तिच्याकडे उत्तरेकडील तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट सोपविण्यात आले. हे वर्णपट फार स्पष्ट होते, आणि ती ते फार बारकाईने पाहू लागली. तिच्या ध्यानात आले, की दोन ताऱ्यांचा रंग एकच, रेषा त्याच, तरी एकाच्या रेषा रुंद आणि पुसट कडांच्या, तर दुसऱ्याच्या अगदी बारीक आणि धारदार असतात. कार्यालयात चालू असलेल्या वर्गीकरणात या भेदाला जागाच नव्हती. तिने स्वतःची वर्गवारी बांधली. तीत ताऱ्यांचे बावीस गट केले आणि रेषांच्या रूपावरून ए, बी, सी अशा खुणा लावल्या. धारदार रेषांची खूण होती सी.

पिकरिंग यांना काम लवकर हवे होते. मॉरीला ते बरोबर हवे होते. हा तंटा ज्याने कारखान्यात एक पाळी जरी काढली आहे त्याला नवा वाटणार नाही. साहेब नग मोजतो, कारागीर सांधा पाहतो. खटके उडाले आणि तिने वेधशाळा सोडली. अर्धे राहिलेले काम दुसऱ्याच्या हवाली करा, असे सांगण्यात आले तेव्हा १८९२ च्या सुमारास तिने पिकरिंग यांना लिहून कळविले, की हे काम माझे म्हणून उभे राहील अशी व्यवस्था होईपर्यंत ते दुसऱ्याच्या हाती देणे न्यायाचे होणार नाही. हा विचार मी पुष्कळ श्रमाने बांधला आहे आणि त्याचे पूर्ण श्रेय मला मिळाले पाहिजे.

हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा मला एका कारखान्यातली बाई आठवली. तिचे नाव आणि कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वेष्टण खात्यात बारा वर्षे उभी राहून काम केल्यावर माल का फुटतो याचे कारण तिने शोधून काढले. वर्षअखेरीस त्या सुधारणेचे प्रशस्तिपत्र पर्यवेक्षकाला मिळाले. तिने आम्हाला विचारले, की पैशाचे राहू द्या, पण त्या कागदावर माझे नाव घालता येत नाही का? युनियनच्या मागणीपत्रकात अशा मागणीसाठी कलम नसते. पण मागणी खरी होती.

मॉरीने तडजोड केली, अधूनमधून परत येऊन काम पुरे केले आणि १८९७ मध्ये तिचा ग्रंथ वेधशाळेच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. सुमारे ४,८०० छायाचित्रे तपासून ६८१ ताऱ्यांचे वर्णन त्यात दिले आहे. त्याच्या मुखपृष्ठावर तिचे नाव आहे. या मालिकेत स्त्रीचे नाव मुखपृष्ठावर येण्याचा हा पहिला प्रसंग होता. तथापि वर्गवारी किचकट ठरवून बाजूला ठेवली गेली. अ‍ॅनी कॅनन हिने १९०१ मध्ये केलेली सुटसुटीत वर्गवारी जगभर रूढ झाली, आणि तीत सी ही खूण नव्हती.

या खुणेची किंमत ओळखली ती डेन्मार्कमधल्या एका रसायनशास्त्र शिकलेल्या तरुणाने. एजनार हर्ट्‌झस्प्रुंग याच्याकडे ज्योतिषशास्त्राची पदवी नव्हती, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. सी खूण असलेले तारे आकाशात जवळजवळ मुळीच सरकत नाहीत, असे त्याला दिसले. सरकत नाहीत म्हणजे ते फार दूर आहेत. इतके दूर असून एवढे ठळक दिसतात म्हणजे ते मुळात प्रचंड तेजस्वी आहेत. नारिंगी आणि तांबड्या ताऱ्यांतही त्याला असेच दोन वर्ग आढळले, एक अतितेजस्वी आणि दुसरा अगदी मंद. मधले जवळजवळ कोणीच नाहीत. स्वाती आणि रोहिणी पहिल्या वर्गातले. रंग सारखा म्हणजे तापमान सारखे. तापमान सारखे असता तेज शेकडोपट अधिक, याचा अर्थ एकच, की पृष्ठभाग शेकडोपट मोठा. राक्षस आणि खुजे असे दोन कुळांचे तारे आहेत हे अशा रीतीने कळले. हे त्याने १९०५ मध्ये छापले, पण छायाचित्रणाच्या नियतकालिकात, त्यामुळे ज्योतिर्विदांच्या नजरेस ते पडलेच नाही. १९०८ मध्ये त्याने पिकरिंग यांना पत्र लिहून बजावले, की मॉरीची खूण सोडून देणे म्हणजे देवमासा आणि मासा यांतला निर्णायक फरक कळल्यावरही दोघांना एकाच वर्गात कोंबण्यासारखे आहे. पिकरिंग यांचे समाधान झाले नाही. पुढे अमेरिकेत हेन्री नॉरिस रसेल यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढून १९१३ मध्ये मांडला, तेव्हा जगाने तो मान्य केला.

येथे न्यायाला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वातीच्या स्वतःच्या वर्णपटाला सी ही खूण लागत नाही. ती मुख्यतः त्याहूनही प्रचंड अशा महाराक्षसी ताऱ्यांची खूण आहे. पण रेषांच्या रूपावरून ताऱ्याचा आकार ओळखता येतो, हा रस्ता त्या खुणेने उघडला, आणि त्याच रस्त्याने १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांची आजची वर्गवारी आली, जीत स्वातीला तिसरा, म्हणजे राक्षसी ताऱ्यांचा, वर्ग मिळाला.

रेषा अशा का बदलतात, याच्या उत्तरात आपल्या देशाचा वाटा आहे. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका गरीब दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा याने १९२० मध्ये एक समीकरण दिले. तप्त वायूतील अणूंमधून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतील हे तापमानावर आणि दाबावर अवलंबून असते, असे ते सांगते. राक्षसी ताऱ्याचे वातावरण विरळ, तेथे दाब कमी, म्हणून तापमान सारखे असले तरी रेषांची ठेवण निराळी. भिंगाखाली जे एका बाईने डोळ्यांनी पाहिले होते, त्याचे कारण कलकत्त्याच्या तरुण अध्यापकाच्या गणिताने सांगितले.

अनुमान झाले, आता प्रत्यक्ष माप हवे होते. ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे मिळाले. तेथील १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर अल्बर्ट मायकेल्सन आणि फ्रान्सिस पीज यांनी २० फुटांची पोलादी तुळई बसविली आणि तिच्यावर सरकते आरसे लावले. दोन आरशांतून आलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला, की उजळ आणि काळे पट्टे दिसतात. आरसे एकमेकांपासून दूर नेत गेले, की एका ठरावीक अंतरावर ते पट्टे नाहीसे होतात, आणि त्या अंतरावरून ताऱ्याची कोनीय रुंदी निघते. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री आर्द्रेचा तारा बेटेलज्यूझ याचे माप मिळाले. तेथे सुमारे १० फूट अंतर लागले. स्वातीची रुंदी त्याच्या निम्मी, म्हणून आरसे जवळजवळ दुप्पट दूर न्यावे लागले. आकडा आला ०.०२२ विकला; आजचे माप ०.०२१ आहे. सोलापुरात ठेवलेले रुपयाचे नाणे पुण्याहून पाहिले तर ते साधारण एवढे दिसेल!

आता बेरीज सोपी आहे, घरी गेल्यावर आपणही करून पाहावी. कोनीय रुंदी आणि अंतर यांवरून व्यास निघतो सुमारे साडेतीन कोटी किलोमीटर. सूर्याचा आहे सुमारे १४ लाख. म्हणजे २५ पट. पृष्ठभाग २५ गुणिले २५, सव्वासहाशे पट. पृष्ठभाग थंड असल्याने त्याचा प्रत्येक तुकडा सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या सुमारे तीन दशांशच ऊर्जा देतो. म्हणून एकंदर तेज सूर्याच्या पावणेदोनशे ते दोनशे पट. आणि आकारमान सोळा हजार पट असून वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढेच, म्हणून सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या दहाव्या भागाहूनही कमी! गाभा मात्र अतिशय दाट आहे. बाहेरचा सगळा राक्षस म्हणजे तापलेली, विरळ हवा.

असा तो का फुगला? ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम बनते आणि त्यातून ऊर्जा निघते. स्वातीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे. आता गाभ्याभोवतीच्या थरात तो जळतो, आणि त्या आचेने बाहेरची आवरणे फुगून थंड होतात. त्याचे वय सुमारे सात अब्ज वर्षे आहे. त्यात लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे, म्हणजे आकाशगंगेत जड द्रव्ये पुरेशी साठण्यापूर्वीची ही पिढी. आपला सूर्य आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी याच वाटेने जाणार आहे. सूर्याचे म्हातारपण पाहायचे असेल तर स्वातीकडे पाहावे.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. २७ मे १९३३ रोजी शिकागोत मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. महामंदीचे दिवस होते. अमेरिकेतील कामकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. प्रदर्शनाचे दिवे लावण्यासाठी स्वातीचा प्रकाश दुर्बिणीने प्रकाशविद्युत्‌ घटावर पाडण्यात आला आणि त्याच्या क्षीण प्रवाहाने कळ दाबली गेली. कल्पना अशी, की हा प्रकाश चाळीस वर्षांपूर्वी, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी, ताऱ्यावरून निघाला आहे. आजच्या मापाने हिशेब केला तर तो निघाला १८९६ च्या सुमारास. म्हणजे पहिले प्रदर्शन केव्हाच उठले होते, आणि केंब्रिज गावात एका बाईचा सहाशे एक्याऐंशी ताऱ्यांचा ग्रंथ छपाईच्या वाटेवर होता. १९३३ च्या समारंभात तिचा उल्लेख झाल्याचे माझ्या वाचनात नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने १९२२ मध्ये तिची सी खूण अधिकृत वर्गवारीत घेतली होती. तिचा स्वतःचा गौरव अमेरिकन ज्योतिर्विद संस्थेने १९४३ मध्ये केला. तेव्हा तिचे वय ७७ होते. १९५२ मध्ये ती वारली.

आपण घरी परतताना स्वाती पूर्वेला वर आलेला असेल. मुलांना तो दाखवा, मोत्याची कथा अवश्य सांगा. तिच्याबरोबर हॅले, साहा, मायकेल्सन यांची नावे सांगा, आणि अँटोनिया मॉरीचेही सांगा.